दुसरा श्रावण

एक अख्खा महिना गायब करणं सरकारला जमतं, नाहीतर मला. सरकारचं मला माहीत आहे, कारण मी छत्तीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. छापण्याआधी कच्चा मजकूर वाचायचा आणि चुका काढायच्या, एवढंच काम. निरोप समारंभात साहेब म्हणाले, "आत्मारामांच्या नजरेतून आजवर एकही चूक सुटलेली नाही." ते हे कागदावरून वाचत होते आणि तो कागद मी तपासलेला नव्हता. म्हणून त्या वाक्यावर मी तेव्हाही विश्वास ठेवला नाही.

आम्ही मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहतो. मी, माझी पत्नी उर्मिला आणि मुलगा यतीन बंगळूरला जाताना मागे ठेवून गेलेला संगणक. उर्मिला भाईंदरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. अर्ध्या भाईंदरने तिच्या हातचे फटके खाल्लेत आणि उरलेल्या अर्ध्याने ऐकून घेतलंय. बाजारात निघालो की लोक तिला "नमस्कार बाई" म्हणतात आणि माझ्याकडे तिची पिशवी असल्यासारखं पाहतात. पिशवी माझ्याच हातात असते, त्यामुळे मला वाईट वाटत नाही.

२००७ च्या सप्टेंबरात तिची जुनी विद्यार्थिनी समिधा घरी आली. समिधा उत्तनजवळच्या पालीची, कोळ्यांच्या घरातली. पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि चौथं वर्ष संपत आलं होतं. विषय असा, की भाईंदरची मिठागरं आणि खारफुटी बुजवत गेलं तर जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकदम आल्यावर पाणी जाईल कुठे. मोरव्याच्या वस्तीत शिरेल, पालीत शिरेल की आणखी कुठे. हे शोधायला तिने संगणकावर खाडीचं आणि किनाऱ्याचं एक मॉडेल बनवलं होतं.

"एक पाऊस चालवायला माझा कॉम्प्युटर एकोणीस दिवस घेतो, बाई," ती म्हणाली. "मला चव्वेचाळीस पाऊस चालवायचेत. आणि युनिव्हर्सिटीने लेखी दिलंय, जूनपर्यंत थिसिस दिला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द."

उर्मिलाने मनातल्या मनात गुणाकार केला. "सव्वादोन वर्षं लागतील."

"तीसुद्धा आजीने बंद नाही केला तर. परवा सतराव्या दिवशी तिने बटण दाबलं. म्हणे, खोलीत माणूस न्हाय आन पंखा कोनासाठी फिरतंय."

म्हणून तिला सुपरकॉम्प्युटर हवा होता. पुण्यात एका केंद्रात तो होता आणि संशोधकांना अर्ज करून त्यावर वेळ मिळायचा. अर्ज बावीस पानांचा होता. मुदत पंधरा ऑक्टोबर.

"तुला इंग्लिश अर्ज लिहायला माणूस पाहिजे ना," उर्मिला म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं. "हे घे. नुसते बसून असतात."

मी बसून नव्हतो, वाचत होतो. पण उर्मिलाच्या मते हे एकच.

*

तो अर्ज कोणी तयार केला होता देव जाणे, पण त्या माणसाने आयुष्यात कोणावरही विश्वास ठेवलेला नसावा. सातवा प्रश्न असा: हे काम साध्या संगणकावर का होऊ शकत नाही? खरं उत्तर 'अर्जदाराची आजी' हे होतं. आम्ही 'वारंवार येणारे व्यत्यय' असं लिहिलं.

समिधाने आपलं आपण बरंच चांगलं लिहिलं होतं. मी ते सुधारायला घेतलं आणि तिथून गडबड सुरू झाली. 'आम्ही सिद्ध करू' असं तिने लिहिलं की मी पेन्सिल उचलायचो. नाही झालं सिद्ध तर? मी त्याचं 'सिद्ध होण्याची शक्यता अगदीच नाकारता येणार नाही' असं केलं. तिने वीस हजार प्रोसेसर-तास मागितले होते. परक्याकडे इतकं मागणं मला बरं दिसेना, म्हणून मी दहा हजार केले.

उर्मिलाने मसुदा वाचला. चष्मा काढला. पुसला. पुन्हा वाचला.

"अहो, हा अर्ज आहे की माफीनामा?"

"जरा सौम्य केलंय."

"आणि तास अर्धे कोणी केले?"

"एकदम वीस हजार म्हणजे..."

"पंगतीत जिलबी वाढतायत का, नको नको म्हणायला? चव्वेचाळीस पावसांना वीस हजार लागतात. दहा हजारांत बावीसच पडतील. उरलेले काय तुमच्या डोक्यावर पाडायचे?"

समिधा हसू दाबत होती.

"ऐका," उर्मिला म्हणाली. "आजपासून या घरात शंका बंद. अर्ज जाईपर्यंत तुम्ही एकाही गोष्टीवर शंका घ्यायची नाही. घेतलीत तर तुमची ती पुस्तकं रद्दीत."

हा हुकूम लक्षात ठेवा. पुढे मी जे काही केलं त्याचा अर्धा दोष याच हुकुमावर ढकलायचा माझा विचार आहे.

*

अर्जाचा सोळावा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा होता. तुमचं मॉडेल खरं बोलतं कशावरून? प्रत्यक्ष मोजलेल्या पाण्याच्या नोंदी द्या, किमान तीन वर्षांच्या.

त्या समिधाकडे होत्या. म्हणजे तिच्या आजोबांकडे. धर्मा कोळी, वय चौऱ्याहत्तर. पालीत त्यांच्या दारापासून समुद्रापर्यंत दगडी पायऱ्या उतरतात. अठराएक वर्षांपूर्वी एका भरतीला त्यांची होडी सुटून खडकावर आपटली. बायको जिजाबाई म्हणाली, तू पिऊन होतास, दोरी बांधलीच न्हाय. धर्मा म्हणाले, दोरी बांधलेली व्हती, पानीच सातव्या पायरीला आलं. जिजाबाई म्हणाली, सातव्या पायरीला पानी येतंच न्हाय. त्या दिवसापासून धर्मा शाळकरी वहीत रोज लिहू लागले, भरती किती पायऱ्या चढली. निव्वळ बायकोला खोटं पाडण्यासाठी कोणी अठरा वर्षं शास्त्रीय नोंदी ठेवल्याचं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. त्या वह्या न्यायला आजवर कोणी आलं नाही, एवढंच.

अडचण एक होती. धर्मा तारीख लिहीत नसत. तिथी लिहीत. भरतीचा संबंध चंद्राशी, तेव्हा त्यांच्या दृष्टीने तेच शहाणपणाचं. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हे पालीत पोरासोरांनाही येतं. पंचमी म्हणजे पावणेचार. २६ जुलै २००५ ची नोंद अशी होती: 'आषाढ वद्य पंचमी. पावनेचारला पानी उंबऱ्यात. आभाळ फाटलं. जिजा वरडली.'

तर या तिथ्यांचं रूपांतर करायचं होतं. तेही तारखांत नाही. अर्जात वर्षातला कितवा दिवस तो आकडा हवा होता. एक जानेवारी म्हणजे १, एकतीस डिसेंबर म्हणजे ३६५. शास्त्रज्ञांना महिन्यांचं ओझं होत असावं.

समिधाला मॉडेलची कामं होती. उर्मिला म्हणाली, "हे तुमचंच काम. एकेक ओळ वाचायची आणि आकडा घालायचा." मलाही वाटलं, आयुष्यात एकदा तरी माझ्या लायकीचं काम आलं.

२००४ च्या पाडव्यापासून मी सुरुवात केली. रोजची एक नोंद, म्हणून प्रत्येक नोंदीला एक दिवस पुढे जायचं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, सगळं सुरळीत. श्रावण आला. शुद्ध प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंत श्रावण संपला. मी पान उलटलं.

पुन्हा श्रावण. शुद्ध प्रतिपदेपासून.

आता छापखान्यात काम केलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. जुळारी पान जुळवताना मध्येच जेवायला जातो, परत येतो आणि तोच मजकूर पुन्हा जुळवतो. त्याला आम्ही 'दुबार' म्हणायचो. असे दुबार मी शेकड्यांनी पकडलेत. एकदा तर एका मंत्र्यांचा शपथविधी मी दोनदा होण्यापासून वाचवला. दुसरा श्रावण बघून माझा हात आपोआप पेन्सिलीकडे गेला.

आकडेही जवळपास तेच होते. पौर्णिमेला पाणी वर, अष्टमीला खाली. कुठे एखाद्या पायरीचा फरक. मी ठरवलं, धर्मांनी आधी कच्चं लिहिलं आणि मग पक्कं उतरवलं. एका दिवसाच्या दोन नोंदी ठेवता येत नाहीत. पहिला श्रावण ठेवला. दुसऱ्यावर, एकोणतीस ओळींवर, एक सरळ सुबक रेघ मारली आणि समासात खूण केली.

शंका आली नाही असं नाही. शंका हा माझा रोजचा आहार आहे. मी धर्मांना विचारायला पालीला फोन लावला. जिजाबाईंनी उचलला आणि समुद्रापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा ओरडल्या, "कोन?"

मी ठेवून दिला.

जरा वेळाने धीर करून पुन्हा लावला. "कोन बोलतंय?" पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी नुसता श्वास घेतला आणि मी ठेवला.

शेवटी शेवटी आणखी एक गोष्ट खटकली. शेवटच्या वहीत होळीची नोंद होती, त्या वर्षीच्याच मार्चमधली. माझ्या हिशेबाने होळी ३३व्या दिवशी येत होती. म्हणजे २ फेब्रुवारी. होळी जरा लवकर आली असं मला वाटलं. इतकी लवकर की लोकांनी स्वेटर घालून बोंब मारली असेल. मी उर्मिलाकडे गेलो.

"मला एक शंका..."

तिने माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं.

"काही नाही," मी म्हणालो.

समिधाने माझे आकडे आपल्या संगणकात घातले, आमच्याच घरी, यतीनच्या खोलीत, जिजाबाईंपासून सुरक्षित. भरतीचं पाणी मॉडेलमध्ये आणि वहीत पायरीला पायरी जुळलं. पावसाचा भाग एकोणीस दिवस घेणार आणि मुदत तोंडावर आलेली, त्यामुळे तो ताडून बघता येत नव्हता. ती आनंदाने मला म्हणाली, "काका, तुम्ही ग्रेट आहात." हे मला कोणी म्हणत नाही. मी संकोचून लगेच चहा करायला गेलो आणि दूध उतू घालवलं.

अर्ज पंधरा ऑक्टोबरच्या आत गेला.

*

जानेवारीत पुण्याहून ईमेल आली. तज्ज्ञांची समिती पुढच्या गुरुवारी अर्जदारांना प्रत्यक्ष भेटणार होती, आणि त्याआधी प्रत्येकाला अर्जावरचे शेरे पाठवले होते. समिधाला चार शेरे होते. तीन किरकोळ. चौथा तिने आमच्या बैठकीत उभ्याने वाचला.

"'अर्जदाराच्या नोंदींनुसार पाली येथे सर्वांत जास्त पाणी २००५ सालच्या १७८व्या दिवशी, म्हणजे २७ जूनला चढले. सर्वज्ञात पाऊस २६ जुलैला पडला. पाणी एक महिना आधी येऊन पावसाची वाट पाहत थांबले होते काय? तसे असल्यास अर्जदाराने वेगळ्या पारितोषिकासाठी अर्ज करावा.'"

 सव्वीस जुलै. मुंबईच्या आसपास राहणाऱ्या कुठल्याही माणसाला झोपेत उठवून विचारलं तरी सांगेल ती तारीख. तारीख म्हणून लिहिली असती तर माझ्याही लक्षात आलं असतं. पण मी १७८ लिहिलं होतं, आणि १७८ कडे बघून मला फक्त १७८च दिसलं.

"एकोणतीस दिवस," समिधा हळू आवाजात म्हणाली. "सगळंच एकोणतीस दिवस सरकलंय. २००४ च्या पावसाळ्यापासून." ती सोफ्यावर बसली. "हे क्लिअर झालं नाही तर गेलं. आजोबांच्या वह्या खोट्या, म्हणजे मॉडेल खोटं. गुरुवारी नाही म्हणाले की पुढचे अर्ज ऑगस्टला. माझं जूनला संपतंय."

एकोणतीस. मला ती सुबक रेघ आठवली. 

"मी एक श्रावण खोडला," मी म्हणालो.

"काय खोडला?" उर्मिला म्हणाली.

"श्रावण. दोनदा आला होता. मला वाटलं दुबार आहे."

उर्मिला ताडकन उठली. "अहो, २००४ मध्ये अधिक श्रावण होता! तुम्ही बाविसाव्या दिवशी सतरा अनारसे खाल्ले होते आणि रात्रभर मला ओवा मागत होतात!"

तीन वर्षांत एकदा पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, हे मला माहीत होतं. प्रत्येक मराठी माणसाला माहीत असतं. अनारशांसकट. पण ते माहीत असणारा आत्माराम वेगळा आणि हातात पेन्सिल धरलेला वेगळा. दुसरा पहिल्याला काही विचारत नाही.

*

धर्मांच्या तोंडूनच खात्री करून घ्यायला हवी होती आणि मूळ वह्याही पुण्याला न्यायच्या होत्या. समिधा म्हणाली, "बसा मागे." तिच्या स्कूटीवर मी बसलो, म्हणजे धरून राहिलो. उत्तनचा रस्ता वळणावळणाचा आहे आणि पालीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून दुसरी स्कूटी आली की एकाने घरात शिरायचं. आम्ही दोनदा शिरलो. दुसऱ्या घरात त्यांनी पाणीही विचारलं.

धर्मा ओट्यावर जाळं विणत बसले होते. जिजाबाई थोड्या अंतरावर, पाठ करून, सुके बोंबील निवडत होत्या. नवराबायकोत काही बिनसलंय हे माझ्यासारख्यालाही कळलं.

"आजोबा, हे बाईंचे मिस्टर," समिधा म्हणाली. "वह्यांचं काम यांनी केलं."

"या मास्तर, बसा." उर्मिला बाई म्हणून मी मास्तर. मी दुरुस्त केलं नाही.

मी वही उघडली. दुसरा श्रावण दाखवला. माझी रेघ दाखवली.

धर्मांनी वही लांब धरून पाहिली. "ही रेग कोनी मारली?"

"मी. मला वाटलं तुम्ही एकच महिना दोनदा लिहिलाय."

"दोन व्हते तर दोन लिवले. एक धोंड्याचा, एक आपला."

"पण वर 'अधिक' लिहिलं नव्हतं."

"कशाला लिवाचं? समद्या गावाला माहीत हाय." त्यांनी मला न्याहाळलं. "तुमी म्हयना खाल्ला, मास्तर?"

"हो."

"अख्खा?"

"एकोणतीस दिवस."

धर्मा हसायला लागले. तोंडात चार दात असतील, पण चारही हसले. "आन धोंडा ठेवला, खरा श्रावन फेकला! जावयाला ठेवला आन पोराला हाकलला!" मग गंभीर झाले. "पन मंग इचारलं का न्हाय? फोन हाय की घरात."

मला खोटं बोलता येत नाही. बोलायला आधी बोलावं लागतं. "केला होता. तीनदा. यांनी उचलला, मग मी... ठेवून दिला."

बोंबील निवडायचे थांबले. जिजाबाई वळल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग परत माझ्याकडे.

"तो तू व्हतास?"

"हो."

"श्वास घ्यायचास आन ठेवायचास?"

"श्वास बहुतेक तुम्ही घेतलात."

"आगं आजी, काय झालं?" समिधाने विचारलं.

उत्तर धर्मांनी दिलं. जाळं बाजूला फेकून ते उभे राहिले. चार महिने त्यांच्या छातीत साठलेलं एकदम बाहेर आलं. "बघ! बघ जिजे! चार म्हयने ही माज्याशी बोलत न्हाय! म्हनते, कुनी बाय तुला फोन करते! चौऱ्याहत्तर वर्षांचा मी, गुडघा वळत न्हाय, मला बाय! आन बाय कोन निगाली? हा मास्तर!"

जिजाबाईंनी पदर खोचला. हरणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मास्तराचा श्वास बाईमानसासारका हाय." आणि आत जाऊन आमच्यासाठी तळलेले बोंबील घेऊन आल्या. धर्मांच्या ताटात माझ्यापेक्षा दोन जास्त होते.

निघताना धर्मांनी वह्या जुन्या लुंगीत बांधून दिल्या. "पुन्याला सांगा," ते म्हणाले. "पानी आलं व्हतं. मी पिऊन नव्हतो."

*

दोन दिवसांत मी सगळे आकडे पुन्हा घातले, या वेळी दोन्ही श्रावणांसकट. होळी ३ मार्चला आली, जिथे तिने यायला हवं होतं. २००५ चा उंबऱ्यातला दिवस २०७वा निघाला. सव्वीस जुलै. मला वाटलं माझं काम संपलं.

"काका, तुम्ही पुण्याला येताय," समिधा म्हणाली.

"मी कशाला?"

"टेबल कोणी बनवलं, विचारतील. मी सांगू, घरचे एक काका होते?"

उर्मिलाने माझी पँट इस्त्री करून खुर्चीवर ठेवली होती. ठरलेलंच होतं सगळं.

समितीच्या खोलीत पाच जण होते आणि थंडी इतकी की सुपरकॉम्प्युटरला ठेवतात तसंच त्यांनाही जपत असावेत. समिधा छान बोलली. मी मागे भिंतीला टेकून, लुंगीतलं गाठोडं मांडीवर घेऊन बसलो होतो. मग अध्यक्षांनी चौथा शेरा काढला.

"पहिलं टेबल चुकलं, दुसरं जुळलं. तीन दिवसांत. आम्हाला असं वाटणार नाही का, की शेरा वाचून तुम्ही आकडे जुळवून आणलेत?"

खरंच की. मी यावर विचारच केला नव्हता. समिधाचा चेहरा उतरला. तिने काही म्हणण्याआधीच मी उभा राहिलो होतो. का, ते मला आजही सांगता येणार नाही. गाठोडं मी छातीशी धरलेलं होतं.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. इंग्रजीत म्हणालो, आणि पुढचं वाक्य रात्रभर पाठ केलेलं असूनही वेगळंच आलं. "त्या वर्षी दोन श्रावण होते. मी एक रद्द केला."

 मी टेबलापाशी जाऊन लुंगी सोडली. खोलीत सुक्या बोंबलांचा वास पसरला. वह्या उघडून माझी रेघ दाखवली, समासातली खूण दाखवली. छापखान्याची ती खूण मी कुठे शिकलो, दुबार म्हणजे काय, हेही सांगितलं. फोनचंसुद्धा सांगितलं. ते नको होतं, पण एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येत नाही हे मलाही त्याच दिवशी कळलं.

एका टोकाला बसलेले दाक्षिणात्य गृहस्थ हसू लागले. "आमच्याकडेही अधिक मास असतो. माझी आई त्यात मला केस कापू देत नाही."

अध्यक्षांना हसू आलं नाही. पण त्यांच्या शेजारी एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, आतापर्यंत गप्प. त्यांनी दोन्ही टेबलं शेजारी शेजारी ठेवली आणि पेनाने काहीतरी मोजत राहिल्या.

"गंमत बघा," त्या म्हणाल्या. "चुकलेल्या टेबलातही भरत्या जुळतात. महिनाभर सरकूनही. फक्त पाऊस जुळत नाही."

"मग?" अध्यक्ष म्हणाले.

"मग काय? चंद्राला या महिन्याची भरती काय आणि मागच्या महिन्याची काय, साधारण सारखीच. म्हणजे त्या आजोबांनी रोज खरोखर पायरी बघून लिहिलंय. घरात बसून मनाने लिहिलं असतं तर इतकं नेमकं सरकलं नसतं. आणि आकडे जुळवून आणणारा माणूस," त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "सव्वीस जुलै चुकवत नाही. ती तर तो सगळ्यांत आधी बरोबर लिहितो. इतकी ठळक चूक फक्त प्रामाणिक माणूस करू शकतो."

ही स्तुती होती की काय, यावर मी अजून विचार करतोय.

*

वीस हजार तास मंजूर झाले. पूर्ण. मी सुचवलेले दहा नव्हे, याची उर्मिला अजून आठवण करून देते. एकोणीस दिवसांचा पाऊस पुण्यात पाऊण तासात पडायचा. समिधाने मे महिन्यात थिसिस दिला. मिठागरं बुजवली तर पाणी आधी मोरव्यात आणि मग पालीच्या आठव्या पायरीला, म्हणजे थेट धर्मांच्या उंबऱ्यात, असं त्यातून निघालं. ती ते धर्मांना सांगायला गेली तेव्हा म्हातारा म्हणाला, "आठवी? हे मशिनीला इचारलं? मला इचारायचं." पण जिजाबाईंना मात्र त्याने तीनदा ऐकवलं, की मोठ्या मशिनीनेही सांगितलंय, सातव्या पायरीला पानी येतंच.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुटलो असतो. परवा समिधा पुन्हा आली. आता डॉक्टर समिधा. पालीच्या लोकांना तिचा निकाल उपयोगी पडावा म्हणून तिला एक तक्ता करायचाय. पुढच्या तीन वर्षांत कोणत्या दिवशी जोराचा पाऊस आला तर होड्या वर ओढायच्या. सुपरकॉम्प्युटरने दिवसांचे आकडे दिलेत, १ ते ३६५. पालीत ते कोणी वाचणार नाही. त्यांना तिथ्या हव्यात.

"काका, उलटं करून द्याल?"

मी उर्मिलाकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. होड्या होत्या यात, माणसं होती. एक महिना इकडचा तिकडे झाला तर या वेळी कोणी शेरा लिहून पाठवणार नव्हतं.

"मला शंका आहे," मी म्हणालो.

"घ्या," उर्मिला म्हणाली. "या वेळी पोटभर घ्या. पुस्तकांना हात लावत नाही."

मी तीन वर्षांची पंचांगं विकत आणली. २०१० मध्ये अधिक वैशाख आहे. त्या पानावर मी तांबड्या शाईने दोन वेळा खूण केली, आणि मग पालीला फोन लावला.

"कोन?" जिजाबाई ओरडल्या.

"मी," मी म्हणालो. "मास्तर."